स्लाइडकाका

स्लाइडकाकांना चित्रकलेतलं कितपत कळतं, हा विषय कॅनडातल्या व्हिटबीच्या मराठी घरांत अधूनमधून निघतो आणि चहा संपला की तसाच राहून जातो. व्याख्यानातलं मात्र त्यांना सगळं कळतं, याबद्दल दुमत नाही. वक्ता घरून तयारी करून आलाय की पार्किंगमध्ये, पाणी घसा सुकला म्हणून पितोय की पुढचं आठवेना म्हणून, 'याकडे आपण नंतर येऊ' म्हणाला त्याकडे तो खरंच येणार आहे का, हे काका पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. ओळखून शेजारच्याला सांगतात. मराठीत सांगतात, म्हणून आजवर निभावलंय.

शेजारचा म्हणजे मी. त्यांचा मुलगा टोरांटोला नोकरीवर, सूनबाई ओशावाला, आणि बर्फात काकांनी बसस्टॉपवर उभं राहू नये असं सगळ्यांचं मत. घरून काम करणारा मीच एकटा, त्यामुळे सारथ्य माझ्याकडे आलं.

हिवाळा तोंडावर आला की इकडे मोठ्या माणसांसाठी कोर्स निघतात. कलेचा इतिहास, फर्निचर, काचकाम, राजवाडे, बागा, काहीही. आठवड्यातून एका दुपारी कुठल्यातरी हॉलमध्ये जमायचं, दिवे मंद करायचे, पडद्यावर चित्रं बघायची, मध्यंतरात कॉफी प्यायची. परीक्षा नाही, पदवी नाही. येणारे बहुतेक साठी ओलांडलेले : निवृत्त शिक्षिका, नर्सेस, जनरल मोटर्समधून बाहेर पडलेले लोक. एकदोन बायका अंधारातही न चुकता विणकाम करतात. काकांना तिथे सूनबाईंनी धाडलं, कारण घरी बसले की ते ओट्याच्या मांडणीवर बोलायचे. आता तिथून शिकून येऊन बोलतात. परवा जेवताना सूनबाई कोशिंबीर घेऊन आल्या, तर म्हणाले, "पुढची स्लाइड!" हे नाव पोरांनी उगाच ठेवलेलं नाही. व्हिटबीतल्याच ब्रुकलिनच्या बाजूला एकसारख्या घरांची जी नवी वस्ती झालीये, तिला ते 'पोस्टमॉडर्न चाळ' म्हणतात. मुलाचं घर त्याच चाळीत आहे.

काकांची अख्खी नोकरी मध्य रेल्वेच्या अकाउंट्समध्ये गेली. घर पुण्याला, ऑफिस व्हीटीला, आणि मधला वेळ डेक्कन क्वीनमध्ये, पासवाल्यांच्या डब्यात. उन्हाळ्यात मात्र गाडीतून उतरले की थेट वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी ती १८७५ साली सुरू केली आणि तेव्हापासून पुणेकर तिथे वक्त्याला ऐकायला कमी आणि तपासायला जास्त जातो, असं माझं मत आहे. काकांचं घडणं तिथलं. टाळी म्हणजे पावती, आणि माल मोजून घेतल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा त्यांचा दंडक. इथे कॅनडात सगळेच सगळ्याला टाळ्या वाजवतात, 'वंडरफुल' म्हणतात आणि कोट घालून निघतात. पहिल्या दिवशी काका हे बघून घाबरलेच. "अरे, याला कुणी काही विचारलं नाही! आता हा पुढच्या आठवड्यातही असंच बोलणार!"

त्यांच्याजवळ एक लांबट वही असते. पानावर पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वक्ता, विषय, सुरू, संपले, स्लाइड किती, शेरा. शेरे वाचण्यासारखे आहेत. 'अभ्यास दांडगा, आवाज शेवटच्या शब्दाला पडतो.' 'व्हेनिस छान. रोमला पोहोचलेच नाहीत.' 'एकच स्लाइड दोनदा दाखवली, दोन्ही वेळा नवी म्हणून.' एका पानावर नुसतंच 'बर्फ', आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात 'मायकलअँजेलो बुडाला'.

आणि मग त्यांचं ते प्रसिद्ध उभं राहणं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की काका आधी खाकरतात, कोटाचं बटण लावतात आणि म्हणतात, "आय हॅव नो क्वेश्चन, मॅडम. ओन्ली अ स्मॉल सबमिशन." ते किती लहान असेल याचा अंदाज आता सगळ्यांना आहे. विणकामवाल्या बायका नवा लोकरीचा गुंडा काढतात. पहिल्या सत्रात संयोजक बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की उतारवयातल्या लोकांसाठी विद्यापीठ ही कल्पना १९७३ साली फ्रान्समध्ये, तुलूझला जन्मली. काका उठले. रानडे, १८७५, वसंत ऋतू, पुण्याचं हवामान, सगळं झालं. बाई म्हणाल्या, "थँक यू फॉर शेअरिंग." काका बसता बसता मला म्हणाले, "मान्य केलं बघ."

'आधी आम्ही' हा त्यांचा आवडता रकाना आहे हे खरं. पण हिशेबनीस प्रामाणिक आहे, आपल्या नावावरचं येणं लिहितो तसं देणंही लिहितो. हे मला कळलं ते पेंटर्स इलेव्हनच्या व्याख्यानाला.

ही गोष्ट तशी आमच्याच गावची, आणि गावातल्या फार थोड्यांना ठाऊक. १९५३ च्या शरद ऋतूत टोरांटोच्या सिम्पसन्स या बड्या दुकानात विल्यम रोनाल्डच्या पुढाकाराने अमूर्त चित्रांचं एक प्रदर्शन लागलं. पण चित्रं नुसती भिंतीवर टांगलेली नव्हती. दुकानातलेच सोफे, दिवे, टेबलं मांडून, दिवाणखाना सजवावा तशी ती लावली होती. अमूर्त चित्र घरात शोभतं, हे गिऱ्हाइकाला पटवायचं होतं. सात चित्रकार होते. जाहिरातीच्या फोटोसाठी एकत्र आले, बोलता बोलता आपला गट का नको असं निघालं, आणि त्यांच्यातल्या अलेक्झांड्रा ल्यूकने सगळ्यांना आपल्या तळ्याकाठच्या कॉटेजवर बोलावलं. आणखी काहीजण मिळाले. मोजले तर अकरा भरले. नाव शोधायचे कष्ट वाचले. ती कॉटेज थिक्सन पॉइंटला होती, म्हणजे व्हिटबीच्या किनाऱ्यावर, आम्ही भाजी आणायला जातो त्या रस्त्याच्या खालच्या टोकाला.

व्याख्यान उत्तम झालं. वहीत शेराही चांगला पडत होता, मी डोकावून पाहिलं. मग बटण लागलं.

"इन बॉम्बे, मॅडम, इट वॉज नाइन्टीन फॉर्टी-सेव्हन. सिक्स मेन. नो सोफा."

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहाजण त्यांनी बोटांवर मोजले : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. शेवटची दोन नावं थांबून, सावकाश सांगितली, कारण ती तिकडेही लोक गाळतात. वक्त्या बाई बाकरे हे नाव लिहून घ्यायला लागल्या तेव्हा काकांनी स्पेलिंग सांगितलं आणि तो शिल्पकार होता अशी पुस्तीही जोडली.

गाडीत बसल्यावर मात्र गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यांच्या अकरांत दोन बायका होत्या रे. ही ल्यूक आणि ती हॉर्टेन्स गॉर्डन."

"मग?"

"आपल्या सहांत एकही नाही. भानू राजोपाध्ये, म्हणजे आपली भानू अथय्या, तिची चित्रं नंतर त्यांच्याबरोबर लागली. पण स्थापनेच्या यादीत नाव नाही." आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी वही काढून ते लिहिलं. कुठल्या रकान्यात, ते दिसलं नाही.

त्यानंतर ती कॉटेज बघायचीच असा हट्ट धरला. मार्चातल्या एका शनिवारी, तळ्यावरून कान कापणारा वारा सुटलेला असताना, आम्ही थिक्सन पॉइंटला उभे होतो. इतकी वर्षं लोटल्यावर तिथे काय शिल्लक आहे याची चौकशी काकांनी केलेली नव्हती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि एका घराकडे बोट केलं. "हेच. उत्तरेचा उजेड बघ कसा येतोय. चित्रकार असाच उजेड शोधतो."

"काका, ते गॅरेज आहे."

"नंतर केलं असणार."

एवढ्यात कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले आणि काही मदत हवी आहे का, असं त्यांनी विचारलं. इकडे याचा अर्थ 'तुम्ही इथे काय करताय' असा असतो, पण काकांनी तो मदतीचा प्रस्ताव समजून स्वीकारला. त्यांनी त्या माणसाला सगळं व्याख्यान ऐकवलं. सिम्पसन्स, सोफे, सात, अकरा. चित्रं हवेत हातांनी काढून दाखवली, हातमोज्यांसकट. अकरांतल्या जॅक बुशच्या वेळी हात इतके लांब गेले की कुत्रा खाली बसला. ही चित्रं बघायची तर ओशावाच्या रॉबर्ट मॅक्लॉक्लिन गॅलरीत जा, पेंटर्स इलेव्हनचा मोठा संग्रह तिथेच आहे, असा पत्ताही दिला. गृहस्थांचं नाक लाल झालं होतं, पण ते हलले नाहीत. "आमच्या रस्त्यावर?" एवढंच ते मधूनमधून म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आर यू अ प्रोफेसर, सर?"

"नो, नो," काका म्हणाले. "ऑडियन्स."

प्रत्यक्ष चित्रांपुढे उभं राहायचा प्रसंग आला की मात्र हेच काका जरा चुळबुळतात. चित्र बोलत नाही, वेळेवर सुरू होत नाही, संपत तर नाहीच. व्हिटबीच्या स्टेशन गॅलरीत मी त्यांना एकदा नेलं. ग्रँड ट्रंक रेल्वेने १९०३ मध्ये बांधलेलं हे स्टेशन. गाड्या थांबायच्या बंद झाल्यावर गावाने इमारत पाडली नाही, उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली आणि तिची कलादालनं केली. काकांनी चित्रांवरून एक नजर फिरवली आणि छपराच्या पुढे आलेल्या वळचणीकडे बघत बसले. तिकिटाची खिडकी कुठे असेल, स्टेशनमास्तर कुठे बसत असेल. मग एकदम दचकून, "स्टेशन हलवलं? मग अंतराचा तक्ता कोणी बदलला?" स्वागतकक्षातल्या मुलीपाशी याचं उत्तर नव्हतं. तिला त्यांनी व्हीटीचा जिना सांगितला, घुमटाखाली अधांतरी चढत जाणारा, आणि दगडात कोरलेली माकडं नि मोर सांगितले, जे जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी घडवले. मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही तिथे रोज जायचात?" काका म्हणाले, "लेट मार्क लागू नये म्हणून धावत जायचो. वर बघायचं राहिलं. जिना इथे येऊन स्लाइडवर बघितला."

क्रिस्टल पॅलेसवरच्या व्याख्यानानंतर हॉलमधली त्यांची किंमत पालटली. १८५१ चं लंडनचं प्रदर्शन, पॅक्स्टनचा तो काचेचा महाल, पुढे तो सिडनहॅमला नेला, १९३६ ला जळून खाक झाला, असं वक्त्या बाईंनी रंगवून सांगितलं. काका उठले. या वेळी प्रस्तावना नव्हती. म्हणाले, की त्याआधी १८६६ लाही तिथे आग लागली होती. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला करत होता, त्यांतल्या बहुतेक त्या आगीत गेल्या. मग जे.जे.च्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ ला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. "अँड द ओरिजिनल्स, मॅडम, वेअर फेडिंग ऑल द टाइम."

कुणी वंडरफुल म्हणालं नाही. विणकाम थांबलं होतं. बाई म्हणाल्या, मला हे माहीत नव्हतं, पुढच्या वेळी मी हे घालीन. वहीत त्या दिवशीचा शेरा आहे : 'वक्त्याने चूक मान्य केली. दुर्मिळ.'

तेव्हापासून वक्ते सुरू करण्याआधी पहिल्या रांगेकडे बघून घेतात. एकाने तर माइक लावता लावता विचारलं, "इज द रेल्वे जंटलमन हिअर?" काका नव्हते, सर्दी झाली होती. त्या दिवशी व्याख्यान लवकर संपलं आणि माझ्या मते पातळही झालं. कुणी मोजणारा नसला की दुधात पाणी पडतंच.

मग व्हायचं तेच झालं. संयोजक बाईंनी काकांना अजिंठ्यावर एक सत्र घ्यायला बोलावलं. मानधनासह. घरात आनंदीआनंद. मुलाने नवा लॅपटॉप काढला, सूनबाईंनी शाल इस्त्री करून ठेवली, आणि पुण्याहून फोनवर काकांच्या धाकट्या बहिणीने अख्ख्या सोसायटीला कळवून टाकलं. काकांनी नकार दिला. साफ. विनंत्या झाल्या, नातवाने रुसून पाहिलं, मीही गाडीत एकदोनदा विषय काढला.

"अरे, मी तिथे वर उभा राहिलो," काका म्हणाले, "तर खाली कोण बसणार?"

"इतके लोक असतात की."

"ते ऐकतील रे. तपासणार कोण?"

यावर मला काही बोलता आलं नाही. काकांनी बाईंना रीतसर पत्र लिहून आभार मानले, अजिंठ्यासाठी वाचावीत अशी पुस्तकं खाली क्रमवार दिली आणि 'श्रोता म्हणून हजर राहीन' असं कळवलं.

पुढच्या हंगामाचं पत्रक आलं आहे. विषय, खुर्चीचा इतिहास. पहिलंच सत्र थोनेटच्या १८५९ च्या चौदा नंबर खुर्चीवर : वाफेवर वाकवलेलं लाकूड, सुटे भाग सहा, आणि छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या. छत्तीसचा आकडा वाचून काका हरखले, मालगाडीच्या एका डब्यात किती बसतील याचा हिशेबही त्यांनी पत्रकाच्या समासात मांडला. मग काही सुचलं आणि त्यांनी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. फी, तारखा, पार्किंग, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "अँड मॅडम, व्हॉट आर वी सिटिंग ऑन?"

पलीकडून उत्तर आलं, गेल्या वर्षीच्याच, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या.

"देन," काका म्हणाले, "दॅट शुड बी द फर्स्ट स्लाइड."