बर्फाचं पझेशन दिवाळीत

मीरा-भाईंदरच्या माणसाला न दिसलेल्या वस्तूचे पैसे भरायची सवय आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आपलं घर पहिल्यांदा पाहिलं ते कागदावर. जागेवर तेव्हा कुंपणाचे पत्रे होते, पलीकडे मिठागर होतं आणि मध्ये टेबल टाकून बसलेला, भर उन्हात टाय लावलेला एक मुलगा होता. सँपल फ्लॅटमधले पडदे बघून आपण टोकन दिलं आणि ताबा मिळेपर्यंत पोरगी बालवाडीतून पाचवीत गेली. 2017 साली महारेरा आलं, थोडा धीर आला, पण सवय काही मोडली नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत 'या दिवाळीत हिमालयात स्कीइंग' असं पत्रक कुणीतरी आणलं, तेव्हा "तिथे दिवाळीत बर्फ असतो का हो?" असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "अर्ली बर्डचा रेट कधीपर्यंत आहे?"

विषय रीतसर सर्वसाधारण सभेत आला. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच जागी, त्याच माणसांत, गणपूर्तीची गरज नसलेली सभा भरली. विषयपत्रिकेवर गच्चीची गळती, टँकरचं बिल आणि बर्फ असे तीन विषय होते. तिन्ही मुळात पाण्याचेच. सूर्या योजनेतून या शहराला दररोज 218 दशलक्ष लिटर पाणी मिळायचं ठरलं, आणि त्याची वाट बघता बघता किती नगरसेवक माजी झाले. जे पाणी पातळ असताना नळाला येत नाही, ते घट्ट झाल्यावर थेट आपल्या पायाखाली येईल, असा विश्वास ठेवायला भाईंदरचंच काळीज लागतं. गळती पुढच्या सभेवर ढकलली गेली, टँकरचं बिल पाच मिनिटांत मंजूर झालं आणि बर्फावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली.

पत्रकावर गुलमर्गचा फोटो होता. कमरेएवढा बर्फ, भाराने वाकलेली झाडं, वरून जाणारा गोंडोला आणि लाल जाकिटातलं एक हसरं कुटुंब. फोटो खोटा नव्हता, फक्त फेब्रुवारीतला होता. सँपल फ्लॅटही तसा खराच असतो. तो आपल्याला मिळत नाही एवढंच. पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत तारांकित ओळ होती की बर्फवृष्टी निसर्गावर अवलंबून राहील. कार्पेट आणि सुपर बिल्टअपमधला फरक कोळून प्यायलेल्या आमच्या खजिनदारांनी ती ओळ वाचली आणि "हे सगळेच लिहितात" म्हणून पान उलटलं.

विरोधी पक्ष एकच, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांनी उभं राहून सांगितलं की काश्मीरचा बर्फ आपल्या पावसाच्या ढगांतून येत नाही. तो पश्चिमी झंझावातांचा. भूमध्य समुद्राकडून निघायचं, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन धडकायचं, आणि हे सगळं जोरात चालतं ते डिसेंबर ते मार्च. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादा झंझावात चुकून लवकर येतो, गुलमर्गवरच्या अफरवट शिखराच्या माथ्यावर पांढरं शिंपडतो, टीव्हीवाले दिवसभर 'मोसमातला पहिला बर्फ' दाखवतात आणि जमिनीत अजून ऊब असल्यामुळे खालचा बर्फ बातमी संपायच्या आत वितळतो. काश्मिरी माणूस कडाक्याची थंडी मोजतो ती 21 डिसेंबरपासून. चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. "यात दिवाळी कुठे बसते ते मला दाखवा," मास्तर म्हणाले. "दिवाळी ऑक्टोबरात येते, नाहीतर नोव्हेंबरात. बर्फ दोन्हीत येत नाही."

"मास्तर, निगेटिव्ह बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य आमच्याकडे गळतीवर बोलणाऱ्यालाही ऐकवलं जातं.

मास्तरांनी तारखाच काढल्या. 2024 सालचा जानेवारी संपत आला तरी गुलमर्गचे उतार तपकिरी पडले होते, भर चिल्लई कलानात. महिन्याच्या शेवटी बर्फ आला आणि 21 फेब्रुवारीपासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धा 22 फेब्रुवारी 2025 पासून व्हायच्या होत्या. बर्फच नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि 9 मार्चला सुरू झाल्या. देशभरचे खेळाडू, पंच, अधिकारी असा सरकारी ताफा बर्फाची वाट बघत बसला, तिथे ए-विंग आणि बी-विंगची काय कथा?

खजिनदारांनी हे शांतपणे ऐकलं. "म्हणजे दोन-तीन आठवड्यांचाच उशीर ना?" ते म्हणाले. "आपल्या बिल्डरपेक्षा बरा आहे."

यानंतर गुलमर्गला पर्याय शोधायची समिती जागच्या जागी नेमली गेली. औलीला बर्फ करायची यंत्रं आहेत, असं बी-विंगच्या काकूंनी यूट्यूबवर पाहिलं होतं. आहेत खरी. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ती आणली गेली आणि त्यांना पाणी पुरवायला कृत्रिम तळंही बांधलं गेलं. पण यंत्राला पाणी दिलं आणि बटण दाबलं की बर्फ, असं ते नसतं. हवा शून्याच्या खाली हवी आणि कोरडी हवी. उबदार हवेत त्यातून नुसता फवारा उडतो. शिवाय 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे थांबवावा लागला. तडे हा शब्द आमच्या सभेत गांभीर्याने घेतला जातो. औली बाद.

मग मनाली. रोहतांगखालून 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 2020 साली झाल्यापासून मनालीला जाणाऱ्याला आपण अर्धे लडाखी झाल्यासारखं वाटतं. सोलंगच्या रस्त्यावर बर्फाचे कपडे भाड्याने देणारी, नंबर टाकलेली दुकानं ओळीने आहेत. आपण बर्फ असो-नसो तो मापात न बसणारा पोशाख आणि गमबूट चढवतो. स्की शिकायची असेल तर तिथल्या गिर्यारोहण संस्थेचे रीतसर कोर्स आहेत, दोन-दोन आठवड्यांचे, आणि सुरुवातीला शिकवतात ते पडायचं कसं आणि उठायचं कसं. पत्रकात मात्र 'स्कीइंग: एक तास, फोटोसह' असं लिहिलं होतं. आमच्या लोकांचा आग्रह फोटोवर होता. पायाला स्की बांधून, दोन्ही हातांत काठ्या धरून, मागून कंबर धरलेली व्यक्ती फ्रेमबाहेर ठेवून काढलेला तो फोटो वर्षभर डीपीला चालतो.

मनालीचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सर्वसाधारण सभा कशी चालवावी याचा धडा तिच्यात आहे. हेन्री फोर्डचा पणतू आल्फ्रेड फोर्ड याने मनालीजवळ भलंमोठं स्की गाव वसवायची योजना आणली होती. परदेशी पैसा, केबल कार, हॉटेलं, सगळं. तर 2006 च्या फेब्रुवारीत कुल्लू खोऱ्यातल्या ग्रामदेवतांची जगती नग्गरला भरली. गावोगावच्या देवांच्या वतीने त्यांचे गूर बोलले आणि देवांनी योजना नामंजूर केली. डोंगर आमचे आहेत, इथे हे नको. योजना पुढे बारगळलीच. लक्षात घ्या, देवांना गणपूर्ती झाली. कुणी अर्धा तास तहकुबी मागितली नाही, ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला नाही, बिल्डरचा माणूस मागच्या खुर्चीवर बसून चहा वाटत नव्हता. आमच्या सेक्रेटरींना ही हकिगत ऐकवली तर म्हणाले, "त्यांना मेंटेनन्स गोळा करायचा नसतो."

युरोपचा विषय फार टिकला नाही. काकूंचा मुलगा म्युनिकला असतो. त्याने फोनवर सांगितलं की ऑस्ट्रियात हिंटरटुक्सच्या हिमनदीवर बारा महिने स्की चालते, या ऑक्टोबरातही जाता येईल. पण त्याच आल्प्समध्ये झेरमॅटच्या हिमनदीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विश्वचषकाच्या शर्यती ठेवल्या, तर 2022 ला बर्फ कमी म्हणून रद्द, 2023 ला वारा आणि बर्फ जास्त म्हणून रद्द. स्विस माणसाला जमलं नाही याचा सभेत थोडा आनंद झाला. मग शेंगेन व्हिसाचा खर्च निघाला आणि फोन ठेवला.

शेवटी खजिनदारांनी मार्ग काढला. दुबई! मॉल ऑफ द एमिरेट्सच्या पोटात 2005 पासून स्कीचा उतार आहे, आत तापमान शून्याखाली, बाहेर वाळवंट. बर्फ निसर्गावर अवलंबून नाही, विजेच्या मीटरवर आहे. मला हे ऐकून गंमत वाटली आणि थोडं भयही. नोव्हेंबरात बर्फाची लेखी हमी पाहिजे तर डोंगरात जाऊ नका, वाळवंटात जा, इथवर आपण येऊन पोचलो आहोत. आणि वीज जाळून आत थंड केलेल्या जगाचा उकाडा बाहेरच पडतो, गुलमर्गच्या वाट्याचाही त्यात असणार, हे मास्तर बोलणार होते. पण तेवढ्यात जैन जेवणाची सोय निघाली आणि मास्तरांचा नंबर गेला.

ठराव अखेर गुलमर्गचाच झाला, दिवाळीतच, बहुमताने. तेव्हापासून रंगीत तालीम चालू आहे. ऑक्टोबर हीटमध्ये, भर दुपारी, थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर फुगीर जाकीट असं चढवून मंडळी गच्चीवर चालून बघतात. कानटोपीतून घाम गळतो. गच्चीची गळती नेमकी कुठून होते याचा उलगडा अजून झालेला नाही, पण यात नवी भर नक्की पडली आहे.

आमच्याकडे उत्तनहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींना काकूंनी हा बेत सांगितला. मावशींचं आयुष्य बर्फात गेलं. बोट समुद्रात जाण्याआधी बर्फ भरायचा, आली की पुन्हा बर्फ, टोपलीत बर्फ, बर्फवाल्याची उधारी. त्या म्हणाल्या, "बर्फ म्हावऱ्यावर घालतात गो. माणसावर कशाला?" काकूंनी त्यांना स्कीइंग समजावून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पापलेटचा भाव वाढवला. जो माणूस बर्फासाठी इतके पैसे देतो त्याच्याशी घासाघीस काय करायची! एके काळी मुंबईला बर्फ आपण होऊन यायचा, 1834 साली थेट अमेरिकेतून, जहाजाने, भुशात गुंडाळून. निम्मा वाटेत वितळायचा, पण उरलेला निदान बंदरावर दिसायचा, मग पैसे द्यायचे.

आता जरा गंभीरपणे, कारण या सगळ्यात मूर्ख कुणी नाही. सेक्रेटरींनाही गुगल येतं. त्यांना पक्कं ठाऊक आहे की गुलमर्ग बघावं तर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पण फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा, धाकट्यांच्या सराव चाचण्या, आणि कंपनीत मार्चअखेरचं टार्गेट. साहेब दिवाळीत चार दिवस देतो, तेवढेच आपले. काश्मीरमधल्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, कारण तिथलं वेळापत्रक बर्फ बघून केलेलं आहे. आपलं वेळापत्रक कुणी, काय बघून केलं कोण जाणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत उकाडा, दिवाळीच्या सुट्टीत उकाडा, आणि हवा बरी असते तेव्हा युनिट टेस्ट. पत्रक छापणाऱ्याला हे नेमकं माहीत आहे. तो बर्फ विकतच नाही, आपल्या रजेच्या तारखा आपल्यालाच विकतो. आणि आपण त्या विकत घेतो, कारण दुसऱ्या तारखा आपल्याकडे नाहीतच.

एवढी कोंडी फोडायची धमक कुणात असेल तर आठवी-नववीपर्यंतच्या पोरांच्या आईबापांत. फेब्रुवारीत एक आठवडा शाळा बुडवा. अर्जात 'ताप' लिहू नका, 'बर्फ बघायला' असंच लिहा. मुख्याध्यापक रागावतील, पण भूगोलाच्या शिक्षकांना बरं वाटेल. दिवाळीचं टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पत्रकाची मागची बाजू उलटून रद्द करायची अट आजच वाचा, पहिला फराळ तळायच्या आधी. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीची तिकिटं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला. वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला स्वराज एक्सप्रेस जाते आणि कटऱ्याहून श्रीनगरला 2025 च्या जूनपासून वंदे भारत. स्वराज बोरिवलीला थांबते. भाईंदरला थांबत नाही.