लाँचरवाले

पावसाचे मिलिमीटर मोजणारे, गाड्यांचं टाइमटेबल तोंडपाठ असणारे आणि ‘आम्ही मूळचे गिरगावातले’ असं तिसऱ्या वाक्यात सांगणारे, अशा तीन जमाती बदलापुरात पहिल्यापासून आहेत. अलीकडे चौथी निघाली आहे. तिला मी लाँचरवाले म्हणतो. वय चाळिशीपुढचं, पोट बेताचं, पाठीवरच्या सॅकमध्ये डब्याशेजारी एक जॉयस्टिक. नोकरी अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत क्वालिटीला, किंवा ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत. राहायला अंबरनाथ-उल्हासनगरला आणि नोकरी ऐरोलीला असेल तर हा माणूस सकाळी उलटा बदलापूरला येतो आणि त्याच गाडीत बसून परत जातो. खिडकी मिळते, लॅपटॉप उघडता येतो. ‘रिटर्न’वाल्यांवर बदलापूरकर चिडतात ते रास्तच आहे, पण चिडणाऱ्याच्या मांडीवरही तसाच लॅपटॉप असेल, तर मुंब्र्यापर्यंत दोघांचा समेट झालेला असतो आणि ठाण्याला ते एकमेकांना फाँट दाखवत असतात.

लाँचर म्हणजे काय, हे यांच्या बायकांना पाठ झालं आहे, तुमच्यासाठी सांगतो. जुने व्हिडिओ गेम आजच्या मशीनवर चालवायला इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम लागतो. पार्लरमधल्या गेमसाठीचा ‘मेम’ हा असा प्रोग्रॅम निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ मध्ये आणला. इम्युलेटर डझनभर, गेम हजारभर. मग टीव्हीवर यादी दाखवायची, बोट ठेवलेला गेम चालू करायचा आणि बाजूला व्हायचं, एवढं काम लाँचरचं. लाँचरवाल्याला बाजूला होणं जमत नाही.

खरं तर रेट्रोपाय, बाटोसेरा, पेगासस अशी तयार लाँचरं फुकट मिळतात. याने ती सगळी लावून पाहिलेली असतात. एकात अक्षरं बारीक, दुसऱ्यात चित्र डावीकडे, तिसऱ्यात ‘आपला टच’ नाही. म्हणून हा स्वतःचं लिहायला घेतो. त्याला आवृत्त्यांचे आकडे असतात. ०.७, ०.८, ०.८.१, ०.९. मग ०.९.१ ते ०.९.१४. एकावर तो जात नाही. ‘वन पॉइंट ओ म्हणजे लोकांच्या अपेक्षा वाढतात,’ असं तो सांगतो. लोक म्हणजे बायको, मुलगा आणि सासूबाई.

मुळाशी मुस्तफा आहे. कॅपकॉमने १९९३ मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ काढला तेव्हा तो आपल्याकडच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणूनच खपणार आहे, याची त्यांना कल्पना नसावी. निवडायला चार गडी होते, पण धावत येऊन लाथ घालायची तर मुस्तफाच. बाकीच्या तिघांची नावं आमच्या पिढीला आजही धड सांगता येत नाहीत. रुपयाचं कॉइन, मागे उभा राहून ‘आता उडी मार’ म्हणणारा एक फुकटा, आणि दारात अचानक उगवलेले वडील. घरी ‘मीडिया’ कंपनीचा टीव्हीला जोडायचा गेम होता. त्याच्या कॅसेटवर छापलेलं असायचं ९९९९९९ इन वन, आत ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’ आणि तेच गेम नावं बदलून. कॅसेट चालली नाही की फुंकायची. या एका उपायावर अख्खी पिढी मोठी झाली. आज लाँचरवाला लॉग फाइल उघडून चारशे ओळी वाचतो, पण त्याआधी यूएसबीच्या तोंडात हळूच फुंकर मारतोच. मी पाहिलं आहे.

हा लाँचर चालतो रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर. त्याचं सामान आणायला उल्हासनगर. राजगोपालाचारींनी १९४९ मध्ये नाव दिलं तरी तिथला पत्ता अजून कॅम्पनेच सांगतात. कॅम्प तीनमधल्या दुकानदाराकडे आपले साहेब जाऊन म्हणतात, ‘ओरिजिनल रास्पबेरी पायचा ॲडॅप्टर दाखवा.’ तो विचारतो, ‘साईं, ओरिजिनल कितनेवाला चाहिए?’ वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ असेल तर त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद शहराइतकाच जुना आहे आणि तो सर्वांत जास्त सांगतात ते सिंधी दुकानदारच. साहेब भाव करतात, पन्नास रुपये वाचवतात आणि खुशीत परततात.

त्या पन्नास रुपयांनी पुढचा महिना खाल्ला. रास्पबेरी पायला पाच व्होल्ट लागतात, ४.६३ च्या खाली गेले की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. गेम अडखळतो, आवाज फाटतो. लाँचरवाल्याने दोष कोडमध्ये शोधला, कारण कोड त्याने लिहिलं होतं आणि ॲडॅप्टर त्याने निवडला होता. सासूबाईंनी मात्र ती वीज पाहून गच्चीवरचे पापड आत आणले. योगायोगाने संध्याकाळी पाऊसही आला. त्या दिवसापासून वेधशाळेपेक्षा जावयाच्या टीव्हीवर त्यांचा जास्त विश्वास आहे, आणि ॲडॅप्टर बदलायला त्यांचा विरोध आहे.

मग कपाट. पार्लरसारखं उभं लाकडी कपाट हवं, म्हणून उल्हासनगरच्याच फर्निचर बाजारात नकाशा घेऊन गेले. मिस्त्रीने कागद आडवा-उभा फिरवला, वर पुढे आलेली पाटी, मध्ये कोनाडा, खाली फळी पाहिली आणि विचारलं, ‘देवघराला एवढी भोकं कशाला?’ बटणांसाठी, हे पटवायला अर्धा तास गेला. कपाट आलं ते उत्तम आलं. कळसाची जागा तेवढी मिस्त्रीने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवली होती. सासूबाईंनी तिथे निरांजन ठेवलं आणि साहेबांनी ०.९.५ मध्ये त्याच्याशी जुळणारी थीम केली.

मराठी मेन्यूचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. साहेबांचा बाणा असा की आपल्या घरात गेम इंग्रजी असला तरी पाटी मराठी. त्यांनी वर लिहिलं, ‘खेळ निवडा’. टीव्हीवर आलं, ‘खेळ न विडा’. यात जादू नाही. संगणक आधी ‘न’ साठवतो, मग वेलांटी. तिला उचलून अक्षराच्या अलीकडे नेणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो नसेल तर वेलांटी पलीकडच्या ‘व’ला जाऊन चिकटते, आणि ‘कॉन्ट्रा’चे सांधे सुटून पाय मोडलेली अक्षरं एका ओळीत उभी राहतात. सासूबाईंनी मोठ्याने वाचलं, ‘खेळ न विडा’, आणि विचारलं, ‘विडा मिळणार आहे का कुठे?’ हार्फबझ नावाची लायब्ररी जोडल्यावर वेलांटी जागेवर गेली. दोन आठवड्यांची रजा त्या वेलांटीवर खर्च झाली. ऑफिसात कारण दिलं होतं कंबरदुखी, आणि शेवटी ती खरीच ठरली.

एका रविवारी तर सगळे गेम गायब. पडद्यावर थीम, कोपऱ्यात वीज, वर निरांजन, यादी कोरी. कार्ड बदललं, केबल बदलली, फुंकर मारली. तीन दिवसांनी सापडलं: यादीच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्यांनी ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ लिहिताना अँडचं चिन्ह तसंच टाकलं होतं. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह उघडं चालत नाही, त्याला स्वतंत्र संकेत लिहावा लागतो. नाही तर वाचणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि पुढची-मागची सगळी यादी टाकून देतो. एका मुस्तफापायी हजार गेम बसून राहिले. हे मला सांगताना साहेबांचा चेहरा मी पाहिला. मुलगा दहावीला पास झाला तेव्हाही एवढा उजळला नव्हता. माझं तर मत झालं आहे की मशीन सुरळीत चालू असलं की यांना जेवण जात नाही.

खेळणं वेगळंच राहतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, चला, दोन हात होऊन जाऊ द्या. त्यांनी ‘कॉन्ट्रा’ लावला. मशीन पुन्हा चालू केल्यावर जॉयस्टिकचे नंबर उलटे झाले होते, त्यामुळे मी माझा समजून त्यांचा माणूस खड्ड्यात घातला. ते उठले, कीबोर्ड घेऊन बसले आणि माझा चहा संपेपर्यंत खेळलेच नाहीत. दर उडीला मला विचारत होते, ‘लॅग जाणवतोय का?’ आधी चित्राची रुंदी कमी केली, कारण रुंद टीव्हीवर मारिओ जाडा दिसतो. मग त्रेचाळीस इंची सपाट पडदा जुन्या फुगीर टीव्हीसारखा दिसावा म्हणून त्यावर आडव्या काळ्या रेघा आणल्या. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘अहो, जुना टीव्ही भंगारात दिलात तेव्हा तो तसाच दिसत होता.’

त्यांची बाजूही मांडायला हवी. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव देणारा वर-वर-खाली-खाली हा मंत्र आपण सगळ्यांनी घोकला. तो मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी ‘ग्रेडियस’साठी घातला होता, कारण गेम तपासताना तो त्यांना स्वतःलाच अवघड जात होता. बनवणाऱ्याला खेळता आलंच पाहिजे असा नियम तिथेही नव्हता.

परवा मुलाने मागणी केली. ‘बाबा, मशीन चालू केलं की डायरेक्ट मुस्तफाच सुरू होईल असं करा ना. मेन्यूच नको.’ साहेब रात्रभर बसले आणि केलं. सकाळी बटण दाबलं, थीम नाही, यादी नाही, थेट मुस्तफा धावत सुटला. मुलगा खूश. साहेब त्या पडद्याकडे बराच वेळ नाराजीने बघत राहिले. संध्याकाळी ०.९.१५ आली. आता मशीन चालू केलं की एक पाटी येते: ‘थेट सुरू करायचं का?’ खाली तीन पर्याय आहेत: हो, नाही, सेटिंग्ज. मुलगा ‘हो’ दाबायला जातो, पण कर्सर पहिल्यांदा ‘सेटिंग्ज’वर असतो, आणि त्या पाटीचा फाँट अजून ठरलेला नाही.