वाऱ्यावर सोडलेली चेतक

स्कूटरचा जन्मच मुळी वाऱ्याशी भांडून झालेला आहे. १९४६ साली इटलीत व्हेस्पा घडवणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. मोटरसायकल त्यांना मनापासून आवडत नसे. म्हणून त्यांनी इंजिन पत्र्याआड दडवलं, साखळी काढून टाकली आणि चालवणाऱ्यासमोर पत्र्याची एक रुंद ढाल उभी केली. माणसाने इस्त्रीच्या कपड्यांत निघावं आणि इस्त्रीसकट पोचावं, एवढीच अपेक्षा. आपली बजाज चेतक त्याच घराण्यातली. व्हेस्पा बनवणाऱ्या पिआज्जिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून ती रस्त्यावर आली. तिच्या ढालीमागे उभं राहून आमच्या पिढीतली निम्मी पोरं शाळेत गेली, आणि भर थंडीतही कोणाच्या छातीला वारा लागला नाही.

रेडिएटरला मात्र जगायला वाराच लागतो. तेव्हा अशा स्कूटरला रेडिएटर बसवायचा म्हणजे दोन जन्माच्या वैऱ्यांना एका पाटावर जेवायला बसवण्यासारखं आहे. हे मी मेहुण्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फक्त टॉर्च धरा."

चेतक सासऱ्यांची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली, त्यामुळे घरात तिचा मान मुलांपेक्षा अर्धा इंच वरचा. तिचं जुनं इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती, ती सिलिंडरच्या पत्र्यांवर वारा फेकतात, संपलं. पाणी नाही, पंप नाही, पाइप नाही. सासरे म्हणाले, "चालते की ती." मेहुणा म्हणाला, "चालते हो बाबा, पळत नाही." आणि त्याने अपघातात चेपलेल्या एरॉक्स नावाच्या एका नव्या स्कूटरचं १५५ सीसीचं इंजिन आणलं. १५ पीएस ताकद, म्हणजे चेतकच्या जवळजवळ दुप्पट. ते इंजिन चेतकच्या अंगात कसं बसलं, किती ठिकाणी कापलं आणि किती ठिकाणी वेल्डिंग झालं, ते मी सांगत नाही. सासरे हा लेख वाचणार आहेत.

एरॉक्सचं इंजिन पाण्यावर थंड होणारं, आणि त्यासाठीचा रेडिएटर कंपनीने इंजिनाच्या उजव्या कुशीतच दिलेला असतो. तिथे तो उघड्यावर असतो म्हणून सुखात राहतो. चेतकच्या डुगीखाली, म्हणजे बाजूच्या फुगीर पत्र्याखाली, त्याची घुसमट झाली, आणि सोसायटीच्या आवारात दुसरी फेरी होण्याआधीच कूलंट उकळून बाहेर आलं. मदतीला आलेले गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, "ह्याला पुढं न्यायला पाहिजे." मिस्त्री कमी बोलतात. त्यांचं एक वाक्य म्हणजे आमचा एक रविवार.

तापण्याचा हिशोब सोपा आहे. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिन थंड करताना बाहेर टाकावा लागतो. पूर्ण ताकदीवर चाकाला अकरा किलोवॉट मिळत असतील, तर साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरच्या वाट्याला येते. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गिझरसारखे पाच गिझर? आणि ते बसवणार कुठे?"

प्रश्न तोच होता. मेहुण्याने जुन्या बाजारातून ड्यूक २०० मोटरसायकलचा रेडिएटर आणला, पंख्यासकट. ड्यूक चाकणला बजाजच्याच कारखान्यात बनते, त्यामुळे "घरातलंच स्थळ आहे" असं म्हणून सासऱ्यांची परवानगी काढण्यात आली. मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा त्याच मापाने कापून आम्ही तो स्कूटरभर फिरवला. डाव्या डुगीत, स्टेपनीच्या जागी? तिथे वारा नाही. फूटबोर्डच्या खाली? तिथे वारा आहे, पण पुण्यातले स्पीडब्रेकरही आहेत, आणि ते शासकीय मापाने बांधलेले नसतात. ढालीच्या पुढे, हॉर्नखाली? मडगार्ड वळताना घासतं, शिवाय सासूबाईंचं मत पडलं की स्कूटरने गळ्यात चाळण बांधल्यासारखं दिसतं.

राहिली डिकी. ढालीच्या आतल्या बाजूची, गुडघ्यांसमोरची. सासऱ्यांच्या भाजीची, लायसन्सची, प्लग पुसायच्या फडक्याची आणि १९८९ च्या 'हमारा बजाज' जाहिरातीनंतर वाढलेल्या अभिमानाची जागा. मिस्त्री म्हणाले, "डिकी काढा." त्या दिवशी घरात कोणी फारसं बोललं नाही.

ढालीला आयताकृती भोक पाडून जाळी लावली, मागे रेडिएटर, त्याच्यामागे पंखा, आणि मधल्या उंचवट्यातून मागच्या इंजिनापर्यंत दोन रबरी पाइप. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्याला जागेची चिंता नव्हती. गाडीचं अख्खं नाक त्याचं होतं. त्याही आधी, १८८८ मध्ये, बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला तीन चाकी गाडीने गेली, तेव्हा रेडिएटरच नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि बाई वाटेत मिळेल तिथे पाणी भरायची. मेहुण्याला मी हा मार्ग सुचवला. त्याने टॉर्च नीट धरायला सांगितलं.

कूलंट हिरवंगार. नात्यातल्या एका आत्यांनी बरणी पाहून "खस आहे का?" असं विचारलं, तेव्हा सगळे एकदम ओरडलो. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं; बरणी तेव्हापासून कुलपात आहे. त्यात मिसळायला मेहुणा बोअरचं पाणी घेणार होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. क्षाराने नळ्या बुजतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आलं.

मग हवा काढण्याचा सोहळा. पाइपात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. त्यासाठी रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच हवं. पुढचं चाक जिन्याच्या पायरीवर चढवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि बुडबुडे मोजत उभे राहिलो. झाकण उघडायचं ते थंड असतानाच. गरम असताना आत दाब असतो, आणि त्या दाबामुळेच कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. ते तोंडावर घेणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. सासरे गॅलरीतून खुशीत बघत होते. चेतक तिरकी केल्याशिवाय चालू होत नाही, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत आले होते.

आता ती तापत नाही. तापतात ते चालवणाऱ्याचे गुडघे, कारण पंखा बाहेरचा वारा ओढून रेडिएटरमधून सरळ आत फेकतो. एप्रिलमध्ये मेहुणा दोन चकरा मारून उतरला आणि तडक नळाखाली पाय धरून बसला. डिसेंबरात मात्र सासूबाईंनी स्कूटर स्टँडवर लावून चालू करायला सांगितली. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्यांचा चहा होतो, मग त्या सीटवर बसून गुडघ्यांना शेक घेतात. त्यांच्या मते घरात आजवर आलेल्या यंत्रांत हे सर्वांत उपयोगी आहे.

रस्त्यावर मात्र ती जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात असा फेरफार परस्पर करता येत नाही, आणि आमच्या चेतकच्या मूळ तपशिलातला आता रंगच तेवढा उरला आहे. त्यामुळे तिचं साम्राज्य सोसायटीच्या फाटकापर्यंत. वाचकांपैकी कोणाकडे चेतकची जुनी डिकी झाकणासकट पडून असेल, तर जरूर कळवा. सासरे भाजीला निघताना अजून ती मागतात.