डबा परत हं!

परवा सकाळी साडेसातला नाना दारात उभे. हातात वही. "तुमच्याकडे आमचा एक डबा आहे. 14-1-83."

काकूंना जाऊन तीन महिने झाले होते. वसुली खातं बंद झालं, अशी आमची समजूत होती.

काकू कशा होत्या ते सांगत बसत नाही. तुमच्या जिन्यातही एक असणारच. पदार्थ द्यायला हात सढळ, पण डबा देताना चेहरा सावकाराचा. "डबा परत हं!" हे आधी, आत काय आहे ते नंतर. बरं, लगेच रिकामा परत करावा तर तेही पाप. "रिकामा डबा देतं का कुणी? चार दाणे साखरेचे तरी घाला!" आम्ही साखर घालायचो, संध्याकाळी त्याच डब्यातून चिवडा यायचा. तेहेतीस वर्षं आम्ही त्या घराचे ऋणकोच राहिलो.

भांड्यांच्या दुकानातला नाव घालणारा त्यांना पाहताच यंत्र चालू करायचा. बोहारणीला जुन्या साड्या देऊन घेतलेल्या पातेल्यावर नाव, झाऱ्यावर नाव. गाळणीच्या दांडीवर जागा पुरली नाही म्हणून नुसतंच 'सौ.'. मुलगा एडिसनला निघाला तेव्हा विमानतळावर बाकीच्या आया डोळे पुसत होत्या. या म्हणाल्या, "चटणीचा डबा परत हं." शेवटच्या आजारात सलाईन लावायला आलेल्या नर्सला लाडू दिले, तेही डब्यातून. पुढचं वाक्य तुम्हाला पाठ झालं असेल.

नानांनी जन्मभर याची टवाळी केली. "उद्या माझ्या कपाळावर नाव घालून आणेल," म्हणायचे. आणि आता तेच वही घेऊन जिने चढत होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

डबा माळ्यावर सापडला. बायकोनं त्यात बेसनाचे लाडू भरले. नाना एकदम मागे सरकले. "नको, नको. रिकामाच द्या. उलट काही पाठवायचं तर मला फक्त चहा येतो."

"रिकामा देणार नाही. काकू ओरडतील."

मग नाना बसले. डब्यावरच्या नावावरून बोट फिरवत म्हणाले, "हिचं माहेर नारायण पेठेत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा ही आठ वर्षांची. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी निघाली, ढीगच्या ढीग. तांबट आळीतून आजीनं घडवून आणलेली घागर हिनं ओळखली. दुसऱ्या एका बाईनंही ओळखली. घागरीवर नाव नव्हतं. ती बाई घेऊन गेली."

थोडा वेळ थांबून म्हणाले, "हे मला सांगितलं लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर. तोवर मी हसतच होतो."

लाडू मात्र घेऊन गेले.

आठव्या दिवशी तोच डबा पुन्हा आमच्या दारात. आत साखर. चार दाणे म्हणजे किती याचा नानांना अंदाज नसावा. डबा काठोकाठ भरलेला.

"डबा परत हं," नाना म्हणाले. दोन पायऱ्या उतरून थांबले. "म्हणजे, घाई नाही."