नसलेल्या घरट्यांची मोजदाद

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला तलवार बदक आणि थापट्या दिसले की आपण त्यांना पाहुणे म्हणतो. पाहुण्याचं घर कसं आहे, घरी तो कसा वागतो, हे आपण विचारत नाही; पाहुणचाराचा तो शिष्टाचारच असावा. आपल्याकडे येणारी बदकं उत्तर आशियातली, पण त्यांचे भाईबंद कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातही संसार मांडतात. हिमनद्या मागे सरकल्या तेव्हा तिथल्या जमिनीत लाखो खळगे राहिले. वसंतात त्यांत वितळलेलं बर्फ साठतं आणि एकेका डबक्याला मालक मिळतो. 1955 पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दोन्ही देशांची वन्यजीव खाती दर मे महिन्यात छोट्या विमानांतून, जेमतेम 45 मीटर उंचीवरून, या बदकांची शिरगणती करत आली आहेत.

त्या गणतीचा एक नियम मला फार आवडतो. मॅलार्ड बदकाचा किंवा तलवार बदकाचा नर डबक्यावर एकटाच दिसला, तर एक पक्षी न लिहिता एक जोडी लिहायची. मादी जवळच गवतात अंड्यांवर बसली असणार, हे गृहीत. म्हणजे त्याचा एकटेपणा हाच त्याच्या संसाराचा पुरावा. नर या विश्वासाला फार दिवस जागत नाही, हे सांगायला जरा संकोच वाटतो. मादी उबवायला बसली की थोड्याच दिवसांत स्वारी मोठ्या पाणथळीकडे निघून जाते. तिथे त्याची उडायची पिसं एकदमच गळतात, मॅलार्ड असला तर मानेवरची हिरवी मखमल उतरते, आणि मातकट वेषात तो काही आठवडे लव्हाळ्यांत तोंड लपवून बसतो. सरकारदरबारी मात्र तो त्या सालापुरता कुटुंबवत्सलच राहतो.

घरटी शोधायची ती पायउतार होऊन. दोन गाड्यांच्या मधे लांबलचक साखळी बांधून ती गवतावरून ओढत न्यायची. साखळी अगदी अंगावर आली की मादी फडफडत उठते, आणि जिथून उठली तिथे माणसं धावतात. गवत बाजूला केलं की हिरवट-पिवळसर आठ-दहा अंडी, आणि भोवती तिने स्वतःच्या छातीची उपटून रचलेली करडी, मऊ पिसं. कधी घाबरलेली मादी उडता उडता अंड्यांवरच शिटते. वास असा, की पक्षिशास्त्राची हौस जागच्या जागी फिटावी. एरवी चरायला जाताना ती अंडी पिसांनी नीट झाकून जाते. आज तेवढी सवड तिला कुणी दिलेली नसते. म्हणून मोजणीदार गुडघे टेकून तिच्या वतीने ते पांघरूण घालतो आणि काही पावलांवर खुणेची काठी रोवतो.

झाकण्याआधी एक अंडं नळीच्या तोंडाशी लावून सूर्याकडे धरायचं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर उबवणीचे थोडेच दिवस झाले. अंधार दाटला असेल तर पिल्लू घडत आलं. माझी आजी खुडूक कोंबडीखालचं अंडं मुठीच्या पोकळीत धरून, एक डोळा मिटून, दारातल्या उन्हाकडे असंच बघायची. आत कुणी आहे की नाही, एवढंच तिला हवं असे. वय विचारणं तिला बहुधा अगोचरपणाचं वाटलं असतं.

इतकं करूनही हिशेब फसतो. साखळी येण्याच्या आदल्या रात्री ज्याची अंडी कोल्ह्याने किंवा स्कंकने खाल्ली, त्या घरट्यावरून उठायला कुणी नसतंच. ते वहीत येत नाही. यावर तोड काढली हॅरल्ड मेफील्डने. पोटापाण्यासाठी कंपनीत नोकरी करणारा हा हौशी पक्षिनिरीक्षक. 1961 मध्ये त्याने सुचवलं की नुसती घरटी मोजू नका, त्यांच्यावर नजर होती ते दिवस मोजा. समजा, 10 घरटी पाच-पाच दिवस पाहिली आणि एक गेलं. वरवर पाहता दहात नऊ सुखरूप. पण 50 दिवसांत एक, म्हणजे रोज शंभरात दोन. पहिल्या अंड्यापासून पिल्लं निघेपर्यंत 34 दिवस धरले, तर निम्मीच घरटी शेवट गाठतात. गेलेल्यांपैकी कितीतरी कुणाच्या दृष्टीसही पडलेली नसतात. गणिताने इतक्या मायेने कुणाची विचारपूस केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पिल्लं निघाली की दिवसाभरात आईमागून पाण्याकडे चालू लागतात. काठीपाशी परतलेल्या माणसाला नुसती कवचं आणि त्यांतून सुटलेला चामट पापुद्रा सापडतो, आणि रिकामं घरटं बघून तो खूश होतो. बलकाने माखलेल्या ठिकऱ्या सापडल्या तर नंबरापुढे फुली. मॅलार्डच्या मादीला मात्र त्या फुलीशी काही देणंघेणं नसतं. उन्हाळा शिल्लक असेल तर ती दुसऱ्या झुडपाआड पुन्हा छातीची पिसं उपटते आणि पहिल्या अंड्यापासून सुरुवात करते. पुढच्या फेरीला साखळी तिला पुन्हा उठवते. मोजणीदार तिला ओळखत नाही, नवा नंबर टाकतो. ती मात्र त्याला ओळखत असावी. अंड्यांवरची ती शीट उगाच नसते.