काढ्याचं भांडण

आमच्या आत्याच्या काढ्यात काय नसतं ते विचारावं. तुळस, गवती चहा, लवंग, मिरी तर असतेच. शिवाय त्या दिवशी कुंडीतलं जे पान तिच्या हाताला लागेल ते. चार कप पाणी एक कप उरेस्तोवर आटवायचं. तोवर घरात माणसंही तेवढीच उरतात, बाकीच्यांना कामं आठवतात. 2020 साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुकांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या असं सुचवलं, तेव्हा आत्या म्हणाली, "आत्ता कळलं होय यांना!"

गंमत म्हणजे झाडानं हे गुण आपल्या घशासाठी जमवलेलेच नसतात. झाडाला पळता येत नाही. कीड येवो, बुरशी येवो, शेळी येवो, जागच्या जागी भांडावं लागतं. लवंगेतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल, मिरीतलं पायपरिन ही सगळी त्या भांडणातली हत्यारं. म्हणजे किड्याला दिलेल्या शिव्या आपण गाळून, मध घालून पितो. आणि त्या लागू पडतात! दाढेत लवंग धरायला आजी सांगायची, आणि दातांचे डॉक्टरही युजेनॉलच वापरतात. आलं तर वाळल्यावर जास्तच पेटतं. ओल्या आल्यातल्या जिंजेरॉलचं सुंठीत शोगाओल होतं, ते आणखी जहाल. (निवृत्त मंडळींबद्दल मी काही बोलत नाही.)

माझं भांडण आहे ते आत्याच्या एका वाक्याशी: "झाडपाल्याला कसले रे साइड इफेक्ट?" घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमधाची काडी चघळली तर सहसा काही बिघडत नाही. पण आत्या काकांना रोज रात्री ज्येष्ठमधाचा काढा पाजते. त्यात ग्लिसरायझिन असतं, साखरेहून कितीतरी पट गोड. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम कॉर्टिसॉलला वेसण घालत असतं; हे गोड पाहुणं त्या एन्झाइमलाच गप्प बसवतं. मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडून देतं आणि रक्तदाब चढतो. काकांची सकाळची गोळी त्याला खाली ओढते, रात्रीचा काढा वर.

हे सगळं मी आत्याला नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदा मानही हलवली.

"तरीच!" ती म्हणाली. "मी केव्हाची म्हणतेय, त्या गोळीमुळेच काढा यांच्या अंगी लागत नाहीये."