इथले लोक कुठे खातात?

नव्या गावी उतरलं की साधी माणसं लॉजवर गरम पाणी किती वाजता येतं ते विचारतात. आमचे साडू बॅगा रिक्षात चढायच्या आधी रिक्षावाल्याला विचारतात, "भैया, यहाँ के लोग कहाँ खाते हैं?" बहुतेक रिक्षावाले गोंधळतात. इंदूरच्या रिक्षावाल्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "घर पे, साब." साडूंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. पत्ता ठाऊक असून हा लपवतोय, अशी त्यांची खात्री झाली.

असा एक गृहस्थ प्रत्येक गोतावळ्यात असतो, एरवी तो ओळखू मात्र येत नाही. आमचे साडू बँकेतून निवृत्त झालेले. घरी दुधी असो की पडवळ, पानात पडेल ते निमूट खातात. मीठ कमी पडलं तरी तक्रार नाही. पण रेल्वेचं आरक्षण झालं की त्यांच्या अंगात येतं. त्या शहरातल्या शाखेतली जुनी ओळख, पुतण्याच्या मित्राचे सासरे, अशा लोकांना फोन सुरू होतात. मिळालेली माहिती एका डायरीत उतरते. त्या डायरीत एखाद्या राजवाड्याचं नाव आलंच तर ते 'राजवाड्याच्या मागची गल्ली' एवढ्यापुरतं.

निकष कडक आहेत. लॉजच्या मॅनेजरने सुचवलेली जागा बाद, कारण "त्याचं कमिशन असतं". मोबाइलवर हजारो लोकांनी वाखाणलेली जागाही बाद, कारण "ते हजारो लोक आपल्यासारखेच बाहेरचे". पाटीवर पंजाबी, चायनीज आणि साउथ इंडियन एका ओळीत दिसलं की ते रस्ता ओलांडतात. मेनूकार्डात पदार्थांचे फोटो असले तर बसलेले उठतात. फोटो हवा तो गल्ल्यामागे, हार घातलेला. एक फोटो म्हणजे दुसरी पिढी, ठीक. दोन फोटो म्हणजे तिसरी, उत्तम. शिवाय वेटर थोडा तुसडा लागतो. अदबीने "और क्या लेंगे सर?" म्हणणाऱ्याचा त्यांना भरवसा वाटत नाही. साडू पुण्यात वाढलेले आहेत, त्यामुळे ही अट मी समजू शकतो.

पंचाईत अशी की हे निकष बहुतेक वेळा बरोबर निघतात. बंगळूरला त्यांनी आम्हाला गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात नेलं. हॉटेल 1943 सालचं. बाहेर नाव नोंदवून फुटपाथवर ताटकळायचं, आत शिरलं की वेटर एका हातावर डोशांच्या बशांची चळत तोलत येतो. डोसा बाहेरून लालसर कडक, आतून मऊ, वर लोणी. बोलायला जागा नव्हती. पण साडूंना सुख पचत नाही. रवा इडली ही दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा इथल्याच एमटीआर हॉटेलाने काढली असं सांगतात, ही माहिती त्यांनी डोसा अर्ध्यावर असताना पुरवली आणि "मग ती तिथेच जाऊन खायला नको का?" असं म्हणून आम्हाला कॉफी न पिताच उठवलं. लालबाग रस्त्यावर पुन्हा रांग. रवा इडली चांगलीच होती. ती कोणाच्या पोटात मावली, हे मात्र विचारू नये.

कोलकात्याच्या पाइस हॉटेलात तर ते भक्तिभावाने बसले. तिथे भात, डाळ, मासा, लिंबू, प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि केळीच्या पानाचे पैसेही वेगळे. मेहुणी शाकाहारी. चहूबाजूंना माशांचे काटे, मध्ये ती आलू पोस्तो आणि भात खात मान खाली घालून बसलेली. साडूंनी बिलाची घडी करून डायरीत ठेवली. "पानाचेसुद्धा पैसे लावलेत बघा! याला म्हणतात परंपरा." गावी कोपऱ्यावरच्या हॉटेलाने कांद्याचे पैसे वेगळे लावले तेव्हा हाच माणूस ग्राहक मंचाची भाषा करत होता.

परदेशी सहलीत मराठी आचारी बरोबर नेणाऱ्यांवर त्यांचा खास राग. "युरोपात जाऊन पिठलं-भात!" एवढं बोलून ते डोळे मिटतात. आल्प्सच्या पायथ्याशी मला कोणी पिठलं वाढलं तर मी ताट पुढे करीन, पण हे त्यांच्या देखत बोलण्यासारखं नाही.

इंदुरात मात्र 'कुठे खायचं' हा प्रश्न रस्त्यात उभं राहून विचारू नये. तिथे प्रत्येकाकडे उत्तर असतं. राजवाड्याजवळ सकाळी साडूंनी एका पानवाल्याला पोह्यांबद्दल विचारलं. त्याने एक दुकान सांगितलं. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "वहाँ? अब वो बात नहीं रही, भिया." तिसऱ्याने चालती स्कूटर थांबवून वेगळाच चौक सुचवला आणि मग त्या तिघांचं आपसात जुंपलं. आमच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. एवढ्यात दुधाची पिशवी घेऊन निघालेले एक आजोबा आमची कुजबुज ऐकून थबकले. "पुण्याचे का? पोहेच ना? घरी चला, सूनबाई करतील." होळकरांच्या गावात मराठी कानावर पडण्यात नवल नाही, पण साडूंची कुचंबणा झाली. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेला माणूस, आणि बोलतो मराठी! याला लोकल धरायचा की नाही?

शेवटी मुलं भुकेने रडकुंडीला आली म्हणून समोरच्याच गाडीवर थांबलो. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, जिरावण मसाला, डाळिंबाचे दाणे, बाजूला गरम जिलबी. पहिल्याच घासाला साडूंनी पक्ष बदलला. "आपण वरून खोबरं घालतो ना, तिथेच चुकतं." खोबऱ्याशिवाय पोह्यांची बशी कधीही पुढे न करणारी मेहुणी शांतपणे जिलबी खात राहिली. ही शांतता बरी नव्हे हे मला कळलं, त्यांना नाही.

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, आणि रात्री त्यांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. "दुपारी कोणी जेवायचं नाही" हा हुकूम सकाळीच निघाला होता. तिथे पोचल्यावर दुसरा निघाला. "आधी एक फेरी मारू. कशालाही हात लावायचा नाही." मग आम्ही उपाशीपोटी ते प्रदर्शन पाहिलं. दुधात शिजणारा भुट्ट्याचा कीस. थंडीत मिळणारा गराडूचा कंद, तळून वर लिंबू-मसाला. दोन्ही हातांनी धरावा लागेल असा जलेबा. जोशींच्या दहीबड्यापाशी द्रोण हवेत उडत होता, झेलला जात होता आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले पडत होते. फेरी संपल्यावर लक्षात आलं की मुलं मागे नाहीत. ती पहिल्याच वळणावर खोपरा पॅटिस खात उभी होती आणि अतिशय आनंदात होती.

आमच्यासाठी नियम वेगळा होता. एक प्लेट, सगळ्यांचे चमचे. "एका जागी पोट भरायचं नसतं." दहीबड्याचा माझ्या वाट्याला आलेला भाग चवीपुरताही नव्हता. साबुदाण्याची खिचडीही वाफेवरची, वर फराळी चिवडा टाकलेली. मेहुणीने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "उपासाला नाही चालणार."

"अगं, आज उपास कुठे आहे?"

"तरी."

मध्यरात्र जवळ आली तेव्हा डायरीतल्या बहुतेक नावांपुढे खुणा झाल्या होत्या. शेकडो इंदूरकर लेकराबाळांसह, टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यावरून द्रोण पुढे करत होते. त्या गर्दीच्या मधोमध साडू जिलबीवाल्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "वैसे यहाँ के लोग कहाँ खाते हैं?"

त्याने झारा थांबवला, गर्दीकडे पाहिलं, मग साडूंकडे. "तो ये सब कौन हैं, भिया?"

यावर ते हॉटेलवर पोचेपर्यंत बोलले नाहीत. डायरीतही त्या रात्री काही लिहिलं नाही.

इंदुरातून आणलेल्या जिरावणाने मात्र घरी उच्छाद मांडला. आधी पोह्यांवर पडायचं, मग उकडलेल्या बटाट्यावर, मग ताकात. एका गुरुवारी ते वरणभातावर पडलं आणि मेहुणीने डबा उचलला. सध्या तो आमच्याकडे आहे, फ्रीजवर मुलांच्या जुन्या वह्यांमागे. विचारायला आले तर माहीत नाही म्हणायचं, असं दोघी बहिणींचं ठरलं आहे. परवा साडू सहज म्हणून आले. चहा झाला. बायकोने काकडीच्या फोडी पुढे ठेवल्या. त्यांनी एक तोंडात टाकली, चावता चावता थांबले आणि फ्रीजकडे बघत म्हणाले, "काय हो, काकडी कुठली म्हणायची ही?"